भरतीचं वेळापत्रक

थोरली इतिहास शिकवायची आणि धाकटी विज्ञान. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच शाळेत, आणि धाकटीला त्या शाळेत आणलं होतं ते थोरलीनेच. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत जाऊन ती म्हणाली होती, "माझी बहीण आहे म्हणून सांगत नाही, पण पोरगी हुशार आहे. एकदा वर्गावर उभी करून बघा." मोठ्या बाईंनी उभी केली आणि ठेवून घेतली. त्याला तीन वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात आपण तेव्हा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, असं थोरलीला कितीतरी वेळा वाटून गेलं होतं.

कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. धाकटी वर्गात बादली घेऊन जायची, बॅटरी घेऊन जायची, एकदा तर सायकलचं चाक घेऊन गेली होती. तिच्या तासाला शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीतून डोकावायची. थोरलीच्या तासाला मुलं खिडकीतून बाहेर बघायची. मुलांनी तिचं नाव 'सनावळी बाई' ठेवलंय हे तिला माहीत होतं. आधी तिला त्याचं कौतुकही वाटायचं. पण धाकटीला कुठलंच टोपणनाव नव्हतं, मुलं तिला नुसतं 'आपल्या बाई' म्हणायची, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून ते 'सनावळी' कानाला टोचायला लागलं.

तरी एक गोष्ट थोरलीच्या एकटीच्या मालकीची होती. नववीची अभ्यास सहल. किनाऱ्यापासून जरा आत, समुद्रात एका खडकाळ बेटावर जुनं दीपगृह होतं. ओहोटीला तिथवर जायची दगडी वाट उघडी पडायची आणि भरतीला पाण्याखाली जायची. थोरली नऊ वर्षं मुलांना तिथे नेत आली होती. कुठलं जहाज कधी आपटलं, दिव्यावर कोण कोण रखवालदार होते, कुणाची किती वर्षं नोकरी झाली, सगळं तिला तोंडपाठ. मधली दोन वर्षं दुरुस्तीसाठी दीपगृह बंद होतं. यंदा ते उघडलं आणि मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं.

"यंदा इतिहास आणि विज्ञान अशी एकत्र सहल करू," त्या म्हणाल्या. "भिंगं आहेत, भरती-ओहोटी आहे. आखणी धाकटीकडे देते. तुम्ही सोबत असालच."

"आखणी माझीच असते, बाई."

"असते ना. पण मुलं परत आल्यावर मी विचारते, काय पाहिलंत? सगळी एकच सांगतात, एकशे बारा पायऱ्या." मोठ्या बाई हसल्या. त्यांना वाटलं, थोरलीही हसेल. ती हसली. पण शिक्षकांच्या खोलीत येऊन बसली तेव्हा तिच्या हातातला खडू मोडलेला होता. आयत्या बिळावर नागोबा, ती मनात म्हणाली, आणि सख्ख्या बहिणीला नागोबा म्हटल्याची तिला जराही लाज वाटली नाही.

धाकटीने महिनाभर खपून आखणी केली. पाण्याच्या बाटल्यांची भिंगं, पाण्याची उंची मोजायच्या पट्ट्या, प्रत्येक गटाला एक वही. आणि घरी आणखी एक दुखणं होतं. थोरलीची एकुलती एक लेक यंदा नववीतच होती. शाळा सुटली की ती मावशीकडे पळायची, बाटल्या कापायला. रात्री जेवताना तोंडात सारखं मावशीच. मावशी म्हणते चंद्र पाणी ओढतो. मावशी म्हणते भिंग वाकडं असलं तरी चालतं. एकदा नवरा सहज गमतीने बोलून गेला, "माय मरो आणि मावशी जगो." लेक खो खो हसली. थोरलीने भाजीचं पातेलं उचललं आणि आत घेऊन गेली. कुणाला आणखी भाजी हवीय का, हेसुद्धा तिने विचारलं नाही.

सहलीच्या आठवडाभर आधी बसवाल्याचा निरोप आला. ठरलेल्या तारखेला बस नाही, दोन दिवस आधी जमत असेल तर बघा. मुलांचं सामान बांधून तयार होतं. धाकटीने धावपळ करून राहण्याची जागा, जेवण, पालकांची पत्रं, सगळ्याच्या तारखा दोन दिवस अलीकडे आणल्या.

चाळीस मुलं, दोघी बहिणी आणि पीटीचे सर असे सगळे दुपार कलल्यावर किनाऱ्यावर पोचले. मुलं खोल्यांत सामान टाकत होती तेव्हा थोरली लेकीला घेऊन वाळूत उतरली. तिथे एका होडीवाल्याची चहाची टपरी होती. होडीवाला तिला ओळखत होता.

"बाई, दोन वर्षांनी आलात," तो म्हणाला. "पोरगी मोठी झाली की." त्याने लेकीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. मग आपणहूनच म्हणाला, "उद्या वाट आठला उघडतेय. साडेबाराला बंद. तुम्ही आपले बाराच्या आत परत फिरा."

"फिरते," थोरली म्हणाली. लेक बिस्किटं खात लाटांकडे बघत होती.

संध्याकाळी मुलींच्या खोलीत ती गेली तेव्हा धाकटी गादीवर मांडी घालून बसली होती, आणि तिच्या पाठीशी गुडघ्यांवर बसून लेक तिची वेणी घालत होती. एकेकाळी धाकटीची वेणी थोरलीच घालायची. आणि लेकीने वर्षभरात आईला आपल्या केसांना हात लावू दिला नव्हता. आता तीच लेक दातांत रबर धरून, मावशीचे केस तीन पदरांत वाटत होती, आणि दोघी कशावर तरी हसत होत्या. थोरली दारात दिसल्यावर हसणं थांबलं. मुद्दाम थांबवलं नसेलही, पण थांबलं.

"ताई, बरं झालं आलीस," धाकटी म्हणाली आणि तिने एक कागद पुढे केला. "हा उद्याचा कार्यक्रम. जरा नजरेखालून घाल ना. तारीख बदलली तेव्हा घाईत केलाय. तुला इथलं सगळं ठाऊक आहे."

थोरलीने कागद घेतला. साडेदहा, बेटाकडे निघणे. दीड, परत येणे. तिने ते दोनदा वाचलं. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते हे नऊ वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं. धाकटीने सगळ्याच्या तारखा बदलल्या होत्या, पण पाण्याची वेळ दोन दिवसांनंतरचीच ठेवली होती. मावशी म्हणते चंद्र पाणी ओढतो. आणि मावशीनेच चंद्राला दोन दिवस चुकवलं होतं.

"आई, मी मावशीच्या गटात आहे," लेक तोंडातलं रबर काढून म्हणाली. "बदलू नकोस हं."

थोरलीने कागद घडी करून परत दिला.

"ठीक आहे," ती म्हणाली.

आपल्या गादीवर जाऊन पडल्यावर तिने स्वतःची समजूत घातली. तसं काहीच व्हायचं नाही. बेटावर रखवालदार असतो. पाणी वाटेला लागायच्या अर्धा तास आधी तो घंटा वाजवतो, दरवर्षी वाजवतो. उद्या ही आपली बाटल्या मांडून बसेल आणि घंटा होईल. तो म्हातारा चारचौघांत ओरडेल, "बाई, घड्याळ नाही का?" मुलांना घेऊन धावत परत यावं लागेल, निम्मा कार्यक्रम बोंबलेल, पीटीचे सर मोठ्या बाईंना सांगतील. बस, एवढंच. एवढं झालं तर काय बिघडलं? आयुष्यात एकदा तिचंही चुकू दे की. या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की लगेच झोप लागली.

सकाळी ती म्हणाली, गुडघा धरलाय. बसच्या प्रवासाने दोन मुलींना मळमळत होतं, त्यांच्यापाशी मी थांबते. धाकटी लगेच वाकून तिच्या गुडघ्याकडे बघायला लागली. "सुजलाय का गं? गोळी देऊ?"

"जा तू. मुलं खोळंबलीत."

साडेदहाला अडतीस मुलं, धाकटी आणि पीटीचे सर रांगेने त्या दगडी वाटेवरून गेले. लेक सगळ्यांच्या पुढे होती, खांद्यावर बाटल्यांची पिशवी. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

थोरली टपरीच्या बाकावर बसली. दोन्ही मुली शेजारी लिंबाच्या फोडी चोखत होत्या. ती घड्याळ बघत होती आणि खरं सांगायचं तर त्या घंटेची आतुरतेने वाट बघत होती. अकरा वाजले. सव्वाअकरा. साडेअकरा. बेटावरून काही ऐकू येईना. पावणेबारा व्हायला आले तेव्हा तिने होडीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हातारबाबा आज घंटा द्यायला विसरले वाटतं?"

"कोण, रखवालदार?" होडीवाला कपबशा विसळत म्हणाला. "ते कुठले आता. दिवा आपोआप लागतो ना. वर्ष झालं त्यांना जाऊन. घंटाही उतरवून नेली." मग त्याने मान वर केली. "का हो? तुमची पोरं अजून तिकडेच आहेत?"

थोरलीने धाकटीला फोन लावला, लागेना. पीटीच्या सरांना लावला, लागेना. बेटावर रेंज नव्हती.

"होडी काढा," ती म्हणाली.

"बाई, होडी वाळूत बसलीय. पाणी चढल्याशिवाय हलायची नाही. तीन तरी वाजतील." तो वाटेकडे बघत होता. "मधे खोलगट आहे. तिथे आधी भरतं."

मुलींना होडीवाल्याच्या बायकोच्या हवाली करून थोरली निघाली. होडीवाला पाठीमागून ओरडत राहिला, पण तिने ऐकलं नाही. गुडघा दुखतोय हे सोंग केव्हाच गळून पडलं होतं. पहिला निम्मा रस्ता कोरडाच होता. दगड ओले, शेवाळलेले, आणि दोन्ही बाजूंनी पाणी गुपचूप वर येत होतं. मधल्या खोलगटात ते गुडघ्यापर्यंत आलं, मग मांडीपर्यंत. पाण्याला आडवी ओढ होती. दोनदा तिचा पाय उचलला गेला, एकदा तर ती बाजूच्या दगडावर आपटली आणि तळहात सोलून निघाला. अडतीस मुलं, ती म्हणत होती. अडतीस. त्यातली एक आपली. आणि मग स्वतःलाच म्हणाली, आपली एक आहे म्हणून धावतेस का गं?

बेटावर सगळं आनंदात चाललं होतं. खडकाच्या कडेला मुलं पट्ट्या लावून पाण्याची उंची लिहीत होती. "बाई, एवढ्यात चार बोटं चढलं," कुणीतरी सांगत होतं. धाकटी वहीत वाकली होती. तिच्या कपाळावर एवढीशी आठी होती. आकडे कुठेतरी जमत नसावेत. समोरून कमरेपर्यंत भिजलेली बहीण आलेली पाहून ती उठली.

"ताई, अगं तुझा गुडघा," ती म्हणाली.

"वाट बंद होतेय," थोरली म्हणाली. "साडेबाराला."

धाकटीने खिशातला कागद काढला, वहीत पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "दोन दिवस," ती हळूच म्हणाली. "मी पाण्याची वेळ बदललीच नाही."

पीटीचे सर पुढे आले. "अजून दहा मिनिटं आहेत ना? रांग करतो, पळवत काढू सगळ्यांना. पाणी असून असून किती असेल?"

धाकटीची नजर बहिणीकडे गेली.

"नाही," थोरली म्हणाली. "मी एवढी मोठी बाई, माझे पाय उचलले गेले तिथे. ही पोरं टिकायची नाहीत. कुणीही खाली उतरायचं नाही. होडी तीनला येईल. सगळे दीपगृहात चला, वर."

पाणी वाटेवरून गेलं, मग मुलांनी जिथे पट्ट्या लावल्या होत्या तो खडक गेला. अडतीस मुलं दीपगृहाच्या गोल जिन्यात पायरीपायरीवर बसली. किनाऱ्याकडे बघून एक मुलगी रडायला लागली, तिचं पाहून आणखी तिघी. मग थोरली जिन्याच्या मध्यावर उभी राहिली आणि तिने सांगायला सुरुवात केली. तिथला एक रखवालदार तापाने गेला. त्याच्या बायकोने किनाऱ्याला निरोप धाडायला वर काळं फडकं लावलं, पण सव्वा महिना समुद्र खवळलेला, होडी येईना. चाळीस रात्री ती एकटी याच जिन्याने तेलाचे डबे घेऊन वर चढली. एकही रात्र दिवा चुकला नाही, एकही जहाज आपटलं नाही. ही गोष्ट थोरलीने नऊ वर्षं सांगितली होती, आणि नऊ वर्षं मुलं जांभया देत आली होती. आज एकाचीही पापणी हलली नाही. "मग ती खात काय होती?" एकाने विचारलं. "तिला भीती नाही वाटली?" दुसरीने विचारलं. रडणारी मुलगी नाक पुसून ऐकायला लागली.

आणि थोरलीला बरं वाटलं. हेच पुढे तिला सगळ्यात जास्त खुपत राहिलं. खाली समुद्र भिंतीला धडका देत होता, हे सगळं तिच्या एका शब्दापायी झालं होतं, आणि तरी अडतीस तोंडं आपल्याकडे लागलेली बघून तिच्या जिवाला थंडावा वाटला. धाकटी अगदी खालच्या पायरीवर, कुणाच्याही खिजगणतीत नसल्यासारखी बसली होती. पण तिच्याही शेजारी कुणीतरी होतं. लेक. मावशीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून. ते पाहिलं आणि तो थंडावा जागच्या जागी आटला. आत्तासुद्धा तिच्याचपाशी, थोरलीच्या मनात आलं. भिजून आले मी, हात फुटला माझा, आणि पोरगी तिच्याचपाशी.

थोड्या वेळाने धाकटी उठली. डोळे पुसले, सात-आठ मुलांना हाताशी घेतलं, आणि दारातून बाहेरच्या भिंतीवर दर दहा मिनिटांनी पाण्याची उंची खडूने आखायला लागली. किती चढलं की होडी पायऱ्यांना लागेल, याचा हिशोब ती मुलांकडूनच करून घेत होती. आवाज कापत होता, पण ती शिकवत होती. लेक मात्र तिच्यासोबत गेली नाही. ती जिना चढून आईजवळ आली आणि अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "आई, काल त्या काकांनी सांगितलं होतं ना. बाराच्या आत परत फिरा म्हणून."

थोरली सोललेल्या तळहाताला रुमाल गुंडाळायला लागली.

"मला पाणी बघून आठवलं. मी नुसती बिस्किटं खात होते." लेक तिच्याकडे बघत होती. "पण तू तर 'फिरते' म्हणालीस. आणि मग मावशीने तुला कागद दाखवला."

"मला वाटलं, रखवालदार असेल."

"म्हणजे तुला माहीत होतं," लेक म्हणाली, आणि चार पायऱ्या खाली जाऊन बसली.

सव्वातीनला होडी आली. तीन खेपांत सगळी मुलं किनाऱ्याला लागली. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण बातमी त्यांच्या आधीच घरोघरी पोचली होती, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पालकांची ही गर्दी. धाकटीने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, चूक माझी आहे, तारीख बदलताना पाण्याची वेळ बदलायची राहिली. ताईला दाखवलं होतं वगैरे एक अक्षर तिने उच्चारलं नाही. तिच्याकडून लेखी माफी घेतली. एक बाप तिला नको नको ते बोलला. तेही तिने मान खाली घालून ऐकून घेतलं.

थोरलीचं मात्र कौतुकच कौतुक. भर भरतीत पाण्यातून गेल्या, आपल्या गुडघ्याची पर्वा केली नाही, पोरांना खाली उतरू दिलं नाही म्हणून पोरं वाचली. प्रार्थनेच्या वेळी मोठ्या बाईंनी तिला पुढे बोलावलं आणि सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. "अनुभव तो अनुभव," मोठ्या बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीपासून सहल पुन्हा तुमच्याकडे." जे हवं होतं ते सगळं, मागितल्याहून जास्त, पदरात पडलं होतं. नववीच्या रांगेत तिसऱ्या जागी लेक उभी होती. तिचे हात बाजूला होते.

घरी ती विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची. रागाने आदळआपट नाही की काही नाही. तेच जड जात होतं. चौथ्या दिवशी थोरलीने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "तू कुणाला काही बोलली नाहीस."

"नाही."

"का?"

"तू सांगशील म्हणून थांबलेय," लेक म्हणाली आणि पाण्याचा तांब्या भरून घेऊन गेली.

रविवारी सकाळी थोरली धाकटीच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, पलंगावर कापलेल्या बाटल्यांचा ढीग तसाच पडलेला. धाकटीने चहा टाकला. तिचे डोळे सुजलेले होते. थोरलीने चहा यायची वाट पाहिली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू कागद दाखवलास तेव्हाच. होडीवाल्याने दुपारी वेळ सांगितली होती."

धाकटीने गॅस बंद केला. मग वळली.

"वाचताना लक्षात आलं नसेल तुझ्या."

"आलं. दोनदा वाचलं मी."

"मग का?"

वाटेत थोरलीने पुष्कळ उत्तरं तयार केली होती. मोठ्या बाईंनी केलेला अपमान, नऊ वर्षांची मेहनत. त्यातलं एकही आता तोंडातून निघेना. "ती तुझी वेणी घालत होती," ती म्हणाली.

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "एवढ्यासाठी? अडतीस पोरं, ताई. एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी. म्हातारा घंटा वाजवेल, तुझी फजिती होईल, एवढंच वाटलं होतं. पण तुझी फजिती व्हावी असं वाटत होतं, हे खरं. तिथे मुलं माझी गोष्ट ऐकत होती आणि तू खाली बसली होतीस, तेव्हाही मला बरं वाटलं. तेही खरं."

"ते नसतंस सांगितलंस तरी चाललं असतं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मी चार रात्री झोपले नाही. डोळे मिटले की पाणी दिसतं. मी नोकरी सोडायचा अर्ज लिहून ठेवलाय, तिथे उशीखाली आहे. आणि तू टाळ्या घेत होतीस."

"अर्ज फाड. मी उद्या मोठ्या बाईंना सांगते."

"सांग. मी तुझ्या वतीने सांगणार नाही आणि तुला अडवणारही नाही." तिने दार उघडलं. "आता जा. चहा राहू दे."

थोरली चपला घालत होती तेव्हा धाकटी म्हणाली, "माफ केलं वगैरे मी म्हणणार नाही. इतक्यात तरी नाही. पण पोरीला माझ्याकडे पाठवायचं बंद करू नकोस. ते केलंस तर मग कायमचंच बंद."

सोमवारी थोरलीने मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढं एकच वाक्य बोलल्या, पण ते ऐकून थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिच्या नोकरीच्या नोंदवहीत शेरा पडला. पालकांना पत्र गेलं. फाटकापाशी जे हात जोडत होते तेच आता तिला पाहून रस्ता ओलांडायला लागले. सहल दोघींकडूनही काढून घेतली आणि पीटीच्या सरांना दिली. धाकटीने अर्ज फाडला. एवढ्या वाईटात ती एक गोष्ट बरी झाली.

शाळेत दोघी बहिणी कामापुरतं बोलायच्या. "तास बदलून देतेस का?" "देते." प्रयोगशाळेतून अजूनही हसण्याचा गलका उठायचा, आणि थोरलीच्या पोटात अजूनही ते जुनं दुखणं डोकं वर काढायचं. काही गेलं बिलं नव्हतं. पण आता ते उठलं की तिला कळायचं, हे काय आहे ते. ती वर्गाचं दार लोटायची आणि रखवालदाराच्या बायकोने आधी काय खाल्लं असेल, तिथून धडा सुरू करायची. कधीकधी मुलं ऐकायची.

रविवारी लेक मावशीकडे जायची. थोरली स्वतः तिच्या हातात डबा द्यायची, दोघींपुरता, आणि गॅलरीतून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहायची. मग दिवस संपता संपत नसे.

अशाच एका रविवारी लेक दिवेलागणीला परत आली. बोटांना निळी शाई, कोपराला पट्टी. चपला काढता काढता ती थबकली, आईकडे पाहिलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, तिथेच उंबऱ्यापाशी बसली.

"आज आम्ही पाण्याचं घड्याळ केलं," ती म्हणाली. "मावशीचं आठ मिनिटं मागे पडलं, माझं तीन."

थोरलीला आतून काहीतरी टोचलं, नेहमीच्याच जागी. ती हातातलं फडकं ठेवून लेकीसमोर जमिनीवर बसली.

"तुझं कसं काय कमी मागे पडलं?" तिने विचारलं.

"भोक बारीक केलं मी. थांब, दाखवते," लेक म्हणाली, आणि पिशवी उघडायला लागली.